मदत हवी आहे: मागचे पंख मिटलेला युडोसिमा (फळांचा रस शोषणाऱ्या रात्रीच्या पतंगांची प्रजाती) नेमका कोणता, हे कसं ओळखायचं?

गोव्यात सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी कुळागराला (सुपारीच्या बागेला) लागून रान आहे. तिथे नोव्हेंबरात अमावास्येच्या आसपास पतंग आकर्षित करायला पांढरा पडदा आणि यूव्ही (अतिनील) ट्यूब लावली. रात्री अकराच्या सुमारास एक मोठा पतंग पडद्याशेजारच्या सुपारीच्या खोडावर बसला. पंख छपरासारखे मिटलेले, पुढचा पंख हुबेहूब सुकलेलं पान: तपकिरी, मध्ये हिरवट शिंतोडे. पट्टी धरून मोजलं, पुढचा पंख मुळापासून टोकापर्यंत ४५ मिमी. उडताना मागचा पंख नारिंगी दिसला, काठाला काळा पट्टा. मागच्या पंखावरचा मधला काळा डाग मात्र कॅमेऱ्यात आला नाही, आणि अडचण नेमकी तीच.

डाग गोल असता तर युडोसिमा मातेर्ना म्हटलं असतं. आकडीसारखा असेल, तर त्याच युडोसिमातल्या फॅलोनिया की होमीना या जाती, हा घोळ. कुंपणावर गुळवेल आहे, पण त्यावर तिन्हींच्या अळ्या पोसतात, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. पुढच्या पंखाच्या नक्षीवर माझा भरवसा नाही. नर-मादीत फार फरक असतो. गवताच्या काडीने हळूच डिवचून पाहिलं, तर सरळ उडूनच गेला.

पतंग मारायचा नाही, पिनही लावायची नाही. बाजूचे आणि वरून घेतलेले फोटो, तारीख, वेळ, जीपीएस, दिव्याचा प्रकार सगळं नोंदवलंय. पुढच्या खेपेला डबीत घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तर पंख न दुखावता मागचा पंख उघडता येईल का? आणि आताची नोंद फक्त युडोसिमा एवढीच ठेवू, की मिटलेल्या पंखावरूनही फॅलोनिया आणि होमीना वेगळे करणारी एखादी खात्रीची खूण आहे?