बिनतारी संचाच्या राखीव बॅटरीसाठी कोणता वीजपुरवठा घ्यावा?

दापोलीकर:
नमस्कार. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा आमच्या गावात वीज आणि मोबाइल दोन्ही बरेच दिवस बंद होते. त्यानंतर मी हॅम, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाच्या परवान्याची परीक्षा दिली. आता घरी १४४ मेगाहर्ट्झ पट्ट्यावरचा ५० वॉटचा संच आहे आणि तो १३.८ व्होल्ट, ३० अँपिअरच्या एसएमपीएसवर (घरच्या विजेपासून ठरावीक डीसी व्होल्टेज देणाऱ्या पुरवठ्यावर) चालतो. राखीव म्हणून १२ व्होल्ट, ४२ अँपिअर-तासांची एसएमएफ (पाणी न घालावी लागणारी, बंद शिशाची) बॅटरी घेतली आहे. ही दुसरी. पहिली बॅटरी मी गॅरेजमधून आणलेल्या साध्या चार्जरला रात्रभर लावून ठेवली होती. सकाळी पाहिले तर तिच्या दोन्ही बाजू फुगल्या होत्या आणि हात लावताच चटका बसत होता. बॅटरी खोलीत कॉटखाली होती, म्हणून तो प्रसंग अजून मनातून जात नाही.

एसएमपीएस १३.८ व्होल्टच देतो, मग बॅटरी त्यालाच कायमची जोडून ठेवली तर चालेल का? की वेगळा चार्जर घ्यावा?

बिनतारी:
आपली पहिली बॅटरी का फुगली, ते आधी सांगतो. ट्रान्सफॉर्मर आणि डायोड एवढेच आत असलेल्या चार्जरला थांबायचे कधी हे कळत नाही. बॅटरी भरत आली की तिच्या टोकांवरचे व्होल्टेज १५-१६ पर्यंत चढते, आतल्या पाण्याचे विघटन होऊन वायू तयार होतो, बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी अधिकच करंट ओढू लागते.

एसएमपीएसचे १३.८ व्होल्ट हे भरलेली बॅटरी भरलेली राखण्यासाठी साधारण योग्य आहेत. परंतु केवळ व्होल्टेज जुळले म्हणून तो चार्जर ठरत नाही. बॅटरी बरीच उतरलेली असताना वीज परत आली, तर ती पहिल्या काही मिनिटांत एसएमपीएसकडून मिळेल तेवढा करंट ओढेल. काही एसएमपीएस अशा वेळी चालू-बंद होत राहतात, तर काही पूर्ण ३० अँपिअर देत राहतात, आणि ४२ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते फार झाले. बॅटरीच्या कुशीवर छापलेला मजकूर वाचावा. तेथे ‘स्टँडबाय’ (सतत चार्जरला जोडलेली) आणि ‘सायकल’ (वारंवार उतरवून भरायची) अशा दोन वापरांची व्होल्टेज दिलेली असतात आणि सुरुवातीच्या करंटची कमाल मर्यादाही असते. ती मर्यादा बहुधा क्षमतेच्या पाव पटीच्या आसपास असली, तरी मी स्वतः एक दशांशावरच, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे ४ अँपिअरवर थांबतो.

म्हणून संच एसएमपीएसवरच राहू द्यावा आणि बॅटरीसाठी ४-५ अँपिअरचा तीन टप्प्यांचा चार्जर घ्यावा. तो आधी ठरावीक करंट देतो, मग १४.४ व्होल्टच्या जवळपास धरून ठेवतो आणि शेवटी १३.५ ते १३.८ वर उतरतो. आपला संच ऐकताना अर्धा अँपिअर आणि बोलताना १० अँपिअर घेत असेल, आणि एकपंचमांश वेळ आपण बोलत असाल, तर सरासरी २.४ अँपिअर होते. बारा तासांत सुमारे २९ अँपिअर-तास. ते ४ अँपिअरने भरून काढायला नऊ-दहा तास लागतील. तेवढे चालण्यासारखे आहे.

कोकणातल्या उन्हाळ्याचाही विचार करावा. छापलेली व्होल्टेज २५ अंशांसाठी असतात. तापमान दर अंशाने वाढले की १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने कमी करावे लागते. ३५ अंशांत हा फरक जवळजवळ ०.२ व्होल्ट होतो, म्हणून तापमानाची तार असलेला चार्जर मिळाला तर तोच घ्यावा.

कार्यशाळा:
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, परंतु उलट्या दिशेने वाहणाऱ्या करंटचा विषय राहून गेला. बॅटरी थेट एसएमपीएसला जोडली असेल, तर वीज जाताच ती त्याच्या आतल्या भागांतूनही उतरत राहते. जुन्या लिनियर पुरवठ्यांत धोका याहून मोठा असतो: त्यांत व्होल्टेज भलतेच वाढल्यास आउटपुट शॉर्ट करून स्वतःचा फ्यूज उडवणारा थायरिस्टर बसवलेला असतो. तो एकदा चालू झाला की बॅटरीचा सगळा जोर त्याच्यातून वाहतो आणि तारांचे आवरण वितळते. त्यासाठी एसएमपीएसकडून आणि बॅटरीकडून संचाकडे जाणाऱ्या दोन्ही वाटांवर एकेक शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बसवावा. त्यात अर्ध्या व्होल्टच्या आसपास घट होते. आपल्या संचाच्या पुस्तिकेत चालणाऱ्या व्होल्टेजची मर्यादा पाहून घ्यावी, बहुतेकांना ती घट सोसते.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावरच हवा. संचाजवळ फ्यूज असला, तरी मधल्या तारेचे संरक्षण बॅटरीजवळचाच फ्यूज करतो. कॉटखालची जागा मात्र कृपया कायमची सोडावी. एसएमएफ बॅटरीलाही झडप असते आणि जादा चार्ज झाल्यास तीतून हायड्रोजन बाहेर पडतो. बंद पेटीत किंवा अंथरुणाखाली तो साठून राहणे धोक्याचे आहे.

पुढे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतलीत, तर हाच चार्जर तिला लावण्याआधी त्याचे सेटिंग तपासावे. शिशाच्या बॅटरीसाठी काही चार्जर मधूनच १५ व्होल्टच्या वर जातात, ते तिला चालत नाही. आत बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडल्यास ती तोडणारे सर्किट) आहे म्हणजे चार्जर कोणताही चालेल, हा समज चुकीचा आहे. बीएमएस ही शेवटची कडी आहे.

दापोलीकर:
दोघांचेही मनापासून आभार. आज मल्टीमीटरने पाहिले: एसएमपीएस रिकामा असताना १३.८२ व्होल्ट, आणि रात्रभर काहीही न जोडलेली बॅटरी १२.२१ व्होल्ट. कुशीवर कमाल करंट १२.६ अँपिअर छापलेला आहे, जो मी आजवर वाचलाच नव्हता. ५ अँपिअरचा तीन टप्प्यांचा चार्जर मागवतो आणि बॅटरी पडवीत, जमिनीपासून उंच फळीवर हलवतो. बॅटरी चांगली आहे की नाही हे कसे ओळखावे?

बिनतारी:
१२.२१ म्हणजे ती निम्म्याच्या आसपास उतरलेली आहे. शिशाची बॅटरी अशी पडून राहिली की पत्र्यांवर सल्फेट धरते, म्हणून लवकर चार्ज करावी. पूर्ण भरल्यावर चार्जर काढून रात्रभर ठेवावी, सकाळी १२.७ च्या वर असेल तर ठीक. मग संच तिच्यावरच चालवून एक मिनिट प्रसारण करावे आणि तेवढ्या वेळात बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज किती खाली येते ते लिहून ठेवावे. दर पावसाळ्याआधी हीच चाचणी घेऊन मागच्या आकड्याशी ताडून पाहावी.