मदत हवी आहे: सेव्हेलॅमरने फीडिंग ट्यूब तुंबते

मुलगी 3 वर्षांची, वजन 11 किलो, किडनीचा आजार स्टेज 4 (ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, 22). रक्तातला फॉस्फरस 6.9, जास्त आहे. कॅल्शियम वरच्या टोकाला, म्हणून फॉस्फरससाठीचं कॅल्शियम कार्बोनेट बंद करून सेव्हेलॅमर कार्बोनेट पावडर (अन्नातला फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध) दिलीय. जवळजवळ सगळं फीड नाकातल्या 6 फ्रेंच (जाडीचं माप, म्हणजे बारीक) नळीतून जातं. पावडर पाणी शोषून फुगते, त्याची जेली होते आणि नळी बंद! जास्त पाणी घालून, आधी-नंतर फ्लश करून पाहिलं, तरी तुंबतेच. गॅस्ट्रोस्टोमी (पोटातून थेट जठरात नळी) इतक्यात नाही.

डॉक्टर म्हणतात, पावडर फीडमध्येच मिसळून ठेवा, साका खाली बसला की वरचं दूध ओतून घ्या. डोस तेच ठरवणार आहेत, तो विचारत नाही. हे घरी केलेल्यांनी सांगा: मिश्रण फ्रिजमध्ये किती वेळ ठेवता, गाळता की नुसतं निवळून घेता? आणि कॅल्शियम फार खाली गेलं का, रक्त किती दिवसांनी तपासलं?