मदत हवी आहे: ओएसपीएफमध्ये बंद केलेला राउटर डेटाबेसमधून जात का नाही?

नवशिका
मंडळी, लिंक-स्टेट राउटिंग शिकतोय, म्हणजे ओएसपीएफ (राउटर ज्याने आपापसात पॅकेटचे मार्ग ठरवतात तो प्रोटोकॉल). आरआयपीसारख्या प्रोटोकॉलमध्ये राउटर शेजाऱ्याला ‘अमुक नेटवर्क माझ्यापासून इतक्या हॉपवर (टप्प्यांवर)’ असा तयार निष्कर्ष सांगतो. लिंक-स्टेटमध्ये प्रत्येक जण फक्त स्वतःचे शेजारी आणि त्यांची कॉस्ट सांगतो, तो संदेश म्हणजे एलएसए (लिंक-स्टेट ॲडव्हर्टाइजमेंट) जसाच्या तसा सगळ्यांच्या डेटाबेसमध्ये पोचतो आणि डायक्स्ट्रा (सगळ्यात स्वस्त मार्ग काढायचं गणित) ज्याचा त्याने चालवायचा. इथवर ठीक. प्रत्यक्ष करताना गाडी अडली.

सिम्युलेटरमध्ये चार राउटर चौकोनात जोडलेत, सगळे एरिया ० मध्ये (म्हणजे ओएसपीएफच्या एकाच गटात), लिंक पॉइंट-टू-पॉइंट. अ–ब १०, ब–क १०, क–ड १०, ड–अ ५०. अ कडून ड ला जाणारं ट्रॅफिक ब, क मार्गे जातं, कॉस्ट ३०. बरोबर.

क–ड लिंक तोडली तर पिंग पाऊण मिनिटभर मेलं, मग थेट अ–ड वरून सुरू झालं. एवढा वेळ कशाला? पुढे ती लिंक परत जोडून ड पूर्ण बंदच केला. बाकी तिघांच्या टेबलमधून त्याचे रूट गेले, पण डेटाबेसमध्ये ड चा एलएसए तसाच, ‘माझे शेजारी अ आणि क’ म्हणत बसलेला! मग डायक्स्ट्राला ड मेल्याचं कळतं कसं?

तारजोडे
आधी सोपं. सिम्युलेटरमध्ये एका टोकाला तोडलं तरी बऱ्याचदा दुसऱ्या टोकाचा इंटरफेस ‘अप’च राहतो. मग भरवसा फक्त हॅलो पॅकेटवर (‘मी आहे’ असं शेजाऱ्याला सांगणारं पॅकेट). हॅलो दर १० सेकंदांनी, आणि ४० सेकंद काहीच आलं नाही तर शेजारी मेला असं धरतात. तुमचं पाऊण मिनिट तिथे गेलं. पुढचं फ्लडिंग (एलएसए सगळीकडे पसरवणं) आणि गणित इतक्या छोट्या नेटवर्कमध्ये किरकोळ आहे.

आता मुख्य मुद्दा. डायक्स्ट्रा चालवताना ओएसपीएफ कुठलीही लिंक एकाच्या शब्दावर मान्य करत नाही. क च्या एलएसएमध्ये ड हवा आणि ड च्या एलएसएमध्ये क हवा, तरच ती लिंक गणितात धरतात. ड बंद झाल्यावर अ आणि क यांनी ड ला वगळून नवे एलएसए काढले. ड चा जुना एलएसए आता एकतर्फी दावा करतोय, त्याला दुजोरा देणारं कुणी नाही. ड डायक्स्ट्राने काढलेल्या मार्गांच्या झाडात येतच नाही, म्हणून त्याचे रूटही नाहीत.

तो एलएसए पुसत का नाहीत? कारण मुदतीआधी तो रद्द करायचा अधिकार फक्त तो काढणाऱ्याला. जिवंत राउटर आपला एलएसए दर ३० मिनिटांनी ताजा करतो. मेलेल्याचा एलएसए वय ३६०० सेकंद होईपर्यंत पडून राहतो आणि मग सगळीकडून काढला जातो. तासाभराने बघा, गेलेला असेल.

नवशिका
दोन्ही बाजूंची साक्ष लागते हे माझ्या पुस्तकात एका ओळीत उरकलंय! आता उलटी शंका. तासाच्या आत ड परत चालू केला तर त्याच्या एलएसएचे क्रमांक (नवा कुठला, जुना कुठला हे ज्यावरून ठरतं ते) पहिल्यापासून सुरू होणार. इतरांकडे त्याचाच मोठ्या क्रमांकाचा जुना एलएसए आहे. ते नव्याला शिळा समजून फेकणार नाहीत का?

जुनाट
सुरुवातीला फेकतीलच. पण शेजारी ड ला त्याचाच जुना एलएसए दाखवतात. ड तो ओळखतो, त्याच्याहून एक मोठा क्रमांक घेतो आणि ताजी माहिती परत फ्लड करतो.

हे क्रमांकाचं प्रकरण फार महागात शिकलेलं आहे. अर्पानेट (इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क) १९७९ मध्ये लिंक-स्टेटवर आलं. तिथे क्रमांक ६ बिटचा आणि गोल फिरणारा होता, ६३ नंतर पुन्हा ०. २७ ऑक्टोबर १९८० रोजी बिट गळाल्यामुळे एकाच राउटरच्या नावाने ८, ४० आणि ४४ असे तीन अपडेट फिरू लागले. गोल मोजणीत ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा, आणि ८ पुन्हा ४४ पेक्षा नवा! तिघे एकमेकांना ढकलत राहिले आणि सगळं नेटवर्क काही तास आडवं झालं. ओएसपीएफचा क्रमांक म्हणूनच ३२ बिटचा आणि सरळ वाढणारा आहे, गोल फिरत नाही.

नवशिका
भारीच. शेवटचं: क–ड तुटल्यावर एकदा ट्रेसराउटमध्ये (पॅकेट कुठून कुठून गेलं ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) ब, क, ब, क असं दिसलं. नकाशा सगळ्यांकडे सारखा असेल तर लूप कसा?

तारजोडे
सारखा असतो, पण एकाच क्षणी सारखा होत नाही. तुटल्याचं आधी क ला कळतं. त्याचा नवा मार्ग ब, अ मार्गे, कॉस्ट ७०. ब चं गणित अजून झालेलं नाही, त्याच्या लेखी ड कडचा रस्ता क वरूनच. दोघे चेंडू टोलवत बसतात. टीटीएल (पॅकेटला किती हॉप जाता येईल तो आकडा) संपला की पॅकेट मरतं, आणि ब चं टेबल बदललं की हा प्रकार थांबतो. मग अ मागे असेल तर तेच अ–ब मध्ये. याला मायक्रोलूप म्हणतात. लिंक-स्टेटमध्ये लूप होतच नाही असं जे छापलेलं असतं, ते सगळे डेटाबेस जुळल्यानंतरचं आहे.

नवशिका
मग ४० सेकंद कमी करायला हॅलो १ आणि डेड (शेजारी मेला असं धरायची मुदत) ४ सेकंदांवर आणू का?

जुनाट
आणा, पण लिंकच्या दोन्ही टोकांना. हॅलो आणि डेडचे आकडे जुळले नाहीत तर ते दोघे शेजारीच होणार नाहीत. खऱ्या नेटवर्कवर मात्र टायमर असे आवळण्यापेक्षा बीएफडी (लिंक जिवंत आहे का हे झटपट तपासणारा वेगळा प्रोटोकॉल) लावा. ते सेकंदाच्या आत लिंक गेल्याचं सांगतं आणि ओएसपीएफचे टायमर आहेत तसे राहू देता येतात.