बाबांचा स्मार्टफोन काढून घेतला. चुकलं का?

खाडीपलीकडचा

बाबा ७४ वर्षांचे, नेरूळला एकटे राहतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीतून निवृत्त. हिशेबाला पक्के, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला एक जण आला. तुमच्या आधारवर ड्रग्जचं पार्सल सापडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कोणाला सांगितलंत तर मुलालाही उचलू. दीड दिवस माणूस कॅमेऱ्यासमोर बसून होता, जेवायलासुद्धा परवानगी विचारून उठला. ४ लाख ८० हजार गेले. आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही बहिणीने फोनवर 'आवाज असा का येतोय' विचारलं म्हणून.

मी स्मार्टफोन काढून घेतला, बटणांचा फोन दिला, नेटबँकिंग बंद केलं. बहीण म्हणाली, तू त्यांना शिक्षा केलीस. परवा गेलो तर वेगळंच समजलं: बाबा एटीएम कार्ड आणि पिन औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याकडे देऊन पैसे काढून आणतात. 'चांगल्या घरचा आहे तो.' आता मलाच कळेनासं झालंय.

पारसिक_बोगदा

अजिबात चुकलं नाही. पोऱ्याचं बघता येईल, त्याला फार तर एटीएमच्या रोजच्या मर्यादेएवढे काढता येतात. समोरच्या टोळीने मात्र एका झटक्यात पावणेपाच लाख नेले. या वयात गेलेले पैसे परत कमवता येत नाहीत, म्हणून 'अनुभवातून शिकतील' वगैरे मला पटत नाही.

मामलेदार_तिखट

मी ठाण्याचा, म्हणून दहीहंडीवर येतो. २०१२ साली आमच्याकडे नऊ थर लागले होते. पोरं पडतात, हात मोडतात, कधी त्याहून वाईट होतं. पण हंडी बंद झाली का? नाही. १४ वर्षांखालच्या पोरांना चढवायचं नाही, हेल्मेट, कमरेला दोर, खाली गाद्या, गोविंदांचा विमा, असं करत करत धोका कमी करत आणलाय. लोक वर चढणारच आहेत हे एकदा मान्य केलं, की गादी कुठे टाकायची एवढाच प्रश्न उरतो. बाबांचंही तेच. तुम्ही एक वाट बंद केलीत, त्यांनी पोऱ्याची वाट काढली.

पारसिक_बोगदा

उदाहरण छान आहे, पण हंडीत खालून कोणी पाय ओढत नाही. इथे समोर पगारी चोर बसलाय आणि गादी कुठे टाकली आहे ते त्याला तुमच्याआधी माहीत असतं.

मामलेदार_तिखट

हे बाकी खरं. एक थर उतरतो.

सानपाडा_सखी

मी बँकेत होते, आता निवृत्त. दोघांनाही एक गोष्ट सांगते. बटणांचा फोन सुरक्षित, हा भ्रम काढून टाका. ओटीपी त्याच्यावरही येतो आणि गोड बोलणारा माणूस त्याच्यावरूनही काढून घेतो. बटणांच्या फोनवरूनही यूपीआय चालतं.

काउंटरवर मी काय पाहिलं, तर पैसे जातात ते अडाणीपणामुळे कमी आणि घाईमुळे, भीतीमुळे जास्त. म्हणून माणूस घाबरलेला असताना त्याच्या हाताशी किती पैसे आहेत, ते आधी बघायचं. माझ्या नणंदेचं असं केलंय:

निवृत्तीचे पैसे आणि एफडी एका बँकेत, तिथे मोबाइल बँकिंगच नाही आणि एफडी ऑनलाइन मोडायची सोय बंद. ते काम शाखेत जाऊनच. दुसऱ्या बँकेत लहान खातं, महिन्याला १५ हजार पडतात, यूपीआय फक्त त्याला जोडलेलं. चोर आला तर १५ हजार नेईल. वाईट वाटेल, पण झोप लागेल.

फोनमध्ये अनोळखी कॉल आपोआप गप्प. व्हॉट्सॲपवर कोणी लग्नपत्रिका किंवा चलान म्हणून एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल पाठवली तर हात लावायचा नाही. पैसे *घ्यायला* पिन लागत नाही, हे वाक्य तिने फ्रिजवर चिकटवलंय.

घोडबंदर_खड्डे

यूपीआय सर्कलही बघा, २०२४ला आलंय. तुमच्या खात्यातून बाबा खर्च करतात, पूर्ण मुभा दिली तर एका वेळी ५ हजार आणि महिन्याला १५ हजार एवढीच मर्यादा.

खाडीपलीकडचा

@घोडबंदर, बाबांना तुम्ही ओळखत नाही. मुलाच्या खात्यातून भाजी आणायची म्हटलं तर ते भाजी खाणं सोडतील.

पारसिक_बोगदा

सखीताई, तुमची नणंद ऐकणारी आहे. माझ्या सासऱ्यांना हेच सगळं समजावलं, फ्रिजवर कागदही होता, आणि फसले तेव्हा त्या कागदासमोर उभं राहून पिन टाकत होते. म्हणून म्हणतो, शिकवण्यावर भरवसा ठेवू नका. शिवाय बोजा सगळा म्हाताऱ्यांवर का? ज्या खात्यांत पैसे जातात ती भाड्याची खाती उघडतं कोण?

सानपाडा_सखी

त्यावर माझा वाद नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. घाबरवून पिन टाकायला लावलेल्या माणसाला यातून फारसं काही मिळत नाही, आणि ते मला काउंटरच्या आतूनही कधी पटलं नाही. पण नियम बदलेपर्यंत तुमच्या हातात एकच गोष्ट आहे, वेळ. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन, तितके जास्त पैसे पुढच्या खात्यांत गोठवता येतात. तीन दिवसांनी बहुतेक खाती धुऊन झालेली असतात.

@खाडीपलीकडचा, बाबा तीन दिवस गप्प का राहिले, विचारलंत?

खाडीपलीकडचा

विचारलं. म्हणाले, 'तू ओरडला असतास.'

ओरडलोच असतो. त्याच्या आधी एकदा वीज कापण्याच्या मेसेजला त्यांनी उत्तर दिलं होतं, पैसे गेले नव्हते, तरी मी जेवणाच्या ताटावरून तासभर बोललो होतो. त्या माणसाने 'मुलाला सांगू नका' म्हटलं, ते त्यांना सोयीचंच वाटलं असणार.

तांडेल_६८

मी त्याच वयातला, बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा. मलाही तो फोन आला होता. सून शेजारी बसली होती म्हणून वाचलो, हुशारी काही नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नाही, हे मला पेपरात वाचून पाठ होतं. खाकी बघितल्यावर पाठ केलेलं सगळं गेलं. आमच्या घरात आता ठरलंय: असा फोन आला की काहीही न बोलता फोन सुनेच्या हातात द्यायचा, आणि तिने त्या दिवशी एक शब्द बोलायचा नाही. दुसऱ्या दिवशी बोलली तर चालेल. बोलतेच.

तुमचे बाबा एकटे राहतात, त्यांना हातात द्यायला कोणी नाही. तिथे काय करणार ते बघा.

खाडीपलीकडचा

मजल्यावर एक शिक्षिका राहतात, बाबांचं त्यांच्याशी जमतं. त्यांना विचारतो. पोऱ्याकडून कार्ड घेतलं, पिन बदलला. ज्वेल पार्कला सकाळी फिरणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यातून आपल्याला काढलं असं समजून ते चार महिने तिकडे फिरकले नव्हते, हे मला आज कळलं. फोन परत देतोय, लहान खात्यासकट.

पारसिक_बोगदा

द्या. माझं मत तेच आहे, पण पोऱ्याची गोष्ट मला खोडता येत नाही. एफडीची ऑनलाइन सोय बंद केलीत का?

खाडीपलीकडचा

अजून नाही. उद्या चौथा शनिवार, बँक बंद. सोमवारी.

पारसिक_बोगदा

मग फोनही सोमवारीच द्या.