फ्रीज घेताना काय पाहिलंत, आणि काय पाहायचं राहून गेलं?

मंडळी, गौरी जेवणार त्याच्या आदल्या रात्री आमच्या फ्रीजने मान टाकली. १९ वर्षांचा होता, दोनदा गॅस भरून झाला होता, त्यामुळे तक्रार नाही. पण मुहूर्त बघा! आत वाटलेलं पुरण, चार खवलेले नारळ, दोन लिटर दूध आणि आठवडाभराची साय. पुरण खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे, नारळ समोर, साय रात्री साडेअकराला घुसळून मोकळी. गौरी समाधानाने जेवल्या, मी मात्र ताटावर पेंगत होते.

काल दुकानात जाऊन आले. लिटर, स्टार, इन्व्हर्टर, कन्व्हर्टिबल, सगळं ऐकून डोकं बधिर झालं. विक्रेता मुलगा प्रत्येक फ्रीजपुढे उभा राहून ‘मॅडम, सध्या हाच चालतोय’ म्हणत होता. घरी आम्ही चौघं, सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे, रोज दोन लिटर दूध, बजेट ३५ हजारांपर्यंत. मला मॉडेलचे नंबर नकोत, ते दुकानात मिळतात. घेतल्यावर काय चुकलंसं वाटलं ते सांगा.

डोंबिवलीहून
आम्ही कोपरा मोजला, दार मोजलं नाही. फ्रीज चौकटीतून यायला जेमतेम जागा होती, पण पॅसेजमधून वळताना अडकला. शेवटी किचनच्या दाराचं झडप बिजागऱ्यांतून काढलं. ते काढायला सुतार मिळेपर्यंत तीन दिवस फ्रीज हॉलमध्ये टीव्हीशेजारी. पाहुणे आले की पाणी आणायला उठायला नको, एवढाच फायदा.

आणि हे तर कुणीच सांगत नाही: फ्रीजचं दार ज्या बाजूला उघडतं त्या बाजूला भिंत असेल, तर दार काटकोनातच थांबतं. तेवढ्यात आतला भाजीचा ड्रॉवर पूर्ण बाहेर येत नाही, दाराच्या कप्प्यांना अडतो. आमचा गेली सहा वर्षं अर्धाच येतो. मागच्या बाजूची काकडी हात घालून चाचपडत शोधायची, बहुतेक वेळा ती आधीच मऊ झालेली असते. दुकानात दार मुद्दाम अर्धवट उघडून ड्रॉवर ओढून बघा.

नागपूरहून
आमच्याकडे मे महिन्यात फ्रीजची खरी परीक्षा. पारा ४५ च्या वर आणि किचन पश्चिमेला. नवीन फ्रीज आला तेव्हा दोन्ही बाजूंचे पत्रे चांगलेच तापायचे. मी घाबरून मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, काही बिघडलेलं नाही जी, गरम हवा सोडणाऱ्या नळ्या आता बाजूच्या पत्र्याआड असतात. जुन्या फ्रीजला पाठीमागे काळी जाळी असायची ना, जिच्यावर आई पावसाळ्यात मोजे वाळत घालायची, तीच ही, आत गेलेली. म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सोडायची. कपाटाच्या खाचेत घट्ट बसवलेला फ्रीज दिसतो छान, पण उन्हाळ्यात मशीन थांबतच नाही.

आतल्या किंवा मागच्या स्टिकरवर ‘क्लायमेट क्लास’ लिहिलेला असतो. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. विदर्भात तरी टी बघूनच घ्यावा. त्याच्याही वर पारा गेला की प्यायच्या पाण्यासाठी माठ आहेच. फ्रीजमधून बाटल्या कमी झाल्या की त्यालाही हायसं वाटतं.

सांगलीहून
सिंगल डोअर घेणाऱ्यांनो, बर्फ सुरीने खरवडू नका. मी खरवडला. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि आमचा सात वर्षांचा फ्रीज त्या एका श्वासात गेला. बर्फ वितळवायचं (डीफ्रॉस्टचं) बटण दाबायचं आणि खाली टॉवेल घालून गप्प बसायचं.

कुडाळहून
पावसाळ्यात वारा सुटला की आमची लाईट गेलीच. कधी दोन तास, कधी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. त्यामुळे आमच्याकडचा पहिला प्रश्न लिटरचा नसतो, किती वेळ थंड राहणार हा असतो. दार बंद ठेवलं तर खालच्या भागाला चारेक तासांचा भरवसा. फ्रीजर गच्च भरलेला असेल तर त्यातलं दोन दिवसांपर्यंत टिकतं, अर्धा भरलेला असेल तर दिवसभर. म्हणून फ्रीजरमध्ये मोकळी जागा दिसली की आम्ही पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवतो. सुरमईचे तुकडे आणि बाटल्या असा शेजार असतो. बाटल्यांना वास लागतो, त्या प्यायच्या नाहीतच.

आता दुःख. आम्ही इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला घेतला, वर दहा वर्षांची वॉरंटी. (आमच्या बाबांना वाटलं लाईट गेल्यावर बॅटरीवर चालणार. तसं नाही. त्यात कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त होतो, एवढंच.) तिसऱ्या वर्षी वीज कडाडली आणि मागचं सर्किट बोर्ड जळलं. कॉम्प्रेसर ठणठणीत, त्याची वॉरंटी ठणठणीत, आणि बोर्डाला वॉरंटी एकच वर्ष! ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं लिहिलेलं असतं ते ठरावीक व्होल्टेजच्या मर्यादेत, त्या मर्यादेचे आकडेही तिथेच बारीक अक्षरात असतात. आता चांगला स्टॅबिलायझर लावलाय आणि ढग गडगडले की प्लगच काढतो. वॉरंटीचं कार्ड मागून, कुठल्या भागाला किती वर्षं ते वाचा, मग पैसे द्या.

ठाण्याहून, वीजबिलाचा हिशेब ठेवणारा
स्टारकडे बघता तेव्हा त्याच लेबलवरचा मोठा आकडाही बघा. वर्षाला किती युनिट, ते तिथे छापलेलं असतं. स्टार हे त्या आकारमानाच्या फ्रीजमध्ये दिलेले असतात, त्यामुळे मोठा पाच स्टार लहान तीन स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. शिवाय हे स्टार ठरवणारी सरकारी संस्था, बीईई, निकष काही वर्षांनी कडक करते. गोदामात पडून राहिलेल्या जुन्या फ्रीजवरचा स्टार आणि आजचा स्टार एकच नव्हे. लेबल कुठल्या काळाचं आहे तेही त्यावरच असतं.

माझ्यापुढे दोन फ्रीज होते. वर्षाला ६० युनिटांचा फरक, किमतीत साडेचार हजारांचा. दहा रुपये युनिट धरलं तरी वर्षाला सहाशे रुपये, म्हणजे साडेसात वर्षांनी बरोबरी. मी कमी स्टारचा घेतला. बायको म्हणाली, पर्यावरणाचं काय? त्यावर माझ्याकडे एक्सेल शीट नव्हती.

लिटरमध्येही गंमत आहे. एक एकूण आकडा असतो आणि एक प्रत्यक्ष साठवणीचा. जाहिरातीत मोठा असतो तो पहिला.

नाशिकहून
माझं वय ७१, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. आमचा पहिला फ्रीज १६५ लिटरचा होता, एक दाराचा, वर लेस लावलेलं कव्हर आणि हँडलला पण कव्हर! त्यात सात माणसांचं भागलं. मुलाने आता मोठा आणला तेव्हा मी एकच अट घातली: फ्रीजर खाली. बर्फाचा कप्पा दिवसातून एकदा उघडतो, दूध-दही-भाजी वीस वेळा. वीस वेळा मी वाकायचं आणि बर्फाने डोळ्यांसमोर बसायचं, हा कुठला न्याय? असे फ्रीज थोडे महाग पडतात आणि पर्याय कमी असतात. पण घरात कुणी साठीच्या पुढचं असेल तर विचार कराच. अंड्यांच्या ट्रेमध्ये आम्ही लिंबं आणि डोळ्यांचे थेंब ठेवतो.

म्युनिकहून
इथे भाड्याचं घर घेतलं तर किचनच नव्हतं. म्हणजे खोली होती, नळाचे पाइप भिंतीतून डोकावत होते, बाकी मोकळं. सिंकपासून सगळं आपलं आपण. फ्रीज ओट्याच्या कपाटात दडणारा, वर कपाटाचंच दार. लेबल बघून मी हबकले, पुण्यात पाच स्टार बघायची सवय आणि इथे दुकानभर ‘ई’ आणि ‘एफ’. मग कळलं की मार्च २०२१ पासून युरोपने जुनी प्लसवाली पद्धत मोडून ए ते जी अशी नवी लावली. पूर्वी ए प्लस प्लस प्लस मिरवणारे एका रात्रीत खाली उतरले. ई वाईट नसतो, हे समजायला मला आठवडा लागला.

माझी चूक वेगळीच. उंची-रुंदी मोजली, कप्प्यांमधलं अंतर मोजलं नाही. इथल्या फ्रीजमध्ये चीज आणि दह्याच्या डब्या राहतात. आपला कुकर राहत नाही. आमटी रोज छोट्या डब्यात काढायची आणि कुकर घासायचा, गेली चार वर्षं.

कोल्हापूरहून
धागाकर्तीच्या सासऱ्यांसाठी खास लिहिते, कारण आमच्याकडे हे घडलंय. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि गोठता कामा नये. गोठून परत वितळलेलं दिसतं नेहमीसारखंच, पण वापरायचं नाही. फ्रॉस्ट फ्रीमध्ये (ज्यात बर्फ साचत नाही त्या फ्रीजमध्ये) मागच्या भिंतीला फटी असतात, तिथून थंड झोत येतो. आम्ही ‘सुरक्षित’ म्हणून अगदी मागे, त्या फटीला टेकवून ठेवलं होतं. शेजारच्या कोथिंबिरीवर बर्फाचे कण दिसले म्हणून लक्षात आलं, नाहीतर घेतलंच असतं. सगळी पेनं टाकून द्यावी लागली. आता मधल्या कप्प्यावर, पुढच्या बाजूला, एका डब्यात ठेवतो. शेजारी पाण्याच्या पेल्यात छोटा थर्मामीटर. फ्रीजच्या दारावरचे आकडे काही म्हणोत, मी त्या पेल्याचं ऐकते.

वसईहून
मागे खाली पाणी साठणारा ट्रे असतो, तो काढून धुता येतो का बघा. आमच्याकडे तपासणीला आलेल्या बाईंनी टॉर्च मारून त्यात डासांच्या अळ्या दाखवल्या होत्या. सगळ्या बिल्डिंगला कुंड्यांवरून बोलणारी मी!

पुन्हा पुण्याहून, धागाकर्ती
सगळ्यांना खूप धन्यवाद. काल फ्रीज घेतला. जाताना टेप, कागदाची पट्टी आणि आमचं दुधाचं पातेलं झाकणीसकट घेऊन गेले. मुलगी म्हणाली, आई, मी बाहेर थांबते.

पातेलं सात फ्रीजमध्ये ठेवून पाहिलं. ३०० लिटरवाल्या एकात झाकणीसकट बसेना, कारण मधली काच हलवता येत नव्हती. २६० वाल्यात काच एक खाच वर सरकवली आणि आरामात बसलं, वर सायीच्या भांड्यालाही जागा. दार अर्धवट उघडून ड्रॉवर ओढला. कागदाची पट्टी दारात धरून बंद केलं आणि ओढून पाहिली, चारही बाजूंनी रबराने नीट धरली. एका डिस्प्लेच्या फ्रीजमधून मात्र अलगद सुटली, तेव्हा विक्रेता मुलगा म्हणाला, ‘मॅडम, तो नका घेऊ.’ पहिल्यांदाच खरं बोलला. सातव्या फ्रीजपर्यंत तोच पातेलं धरून उभा होता.

नाशिकच्या काकू, खाली फ्रीजर असलेला आमच्या बजेटच्या सहा हजार वर निघाला, तेवढं नाही जमलं. स्टॅबिलायझर घेतला. जुन्याचे दीड हजार वळते केले. दोघांनी तो जिना उतरवला तेव्हा सासरे गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आज सकाळी नवा आला. आणणाऱ्यांनी उभा ठेवला, दोन तास चालू करू नका म्हणाले, आणि आत सामान आहे तेवढं काढून घ्या म्हणाले. उघडलं तर मधल्या कप्प्यावर, थर्माकोलमध्ये नीट बसवून, आमचं पातेलं. दुकानातच विसरले होते. झाकणीसकट.