ग्रीक शिकायची तर कुठली?

तळटीप: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, "ग्रीक तीन हजार वर्षं तशीच आहे, आजची शिका, होमर आपोआप वाचता येतो." काहीच्या काही! ग्रीसमधल्या शाळांतसुद्धा होमर आधुनिक अनुवादातून शिकवतात. चतुर्थी विभक्ती गेली, द्विवचन गेलं, तुमन्त ('करू', 'जाऊ'सारखं रूप) गेलं. 'मला जायचंय' याला आज 'थेलो ना पाओ', दोन्ही क्रियापदं पुरुषाप्रमाणे चालवा. कल्याण-सोपाऱ्याची नोंद असलेला पेरिप्लस, म्हणजे पहिल्या शतकातलं ग्रीक समुद्रप्रवासाचं पुस्तक, वाचायचाय ना? मग कॉइने, म्हणजे त्या काळची सर्वसामान्य ग्रीक, धरा. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानापासून सुरुवात, वाक्यं सोपी. होमर शेवटी.

बीटा_नव्हे_वीटा: व्याकरणाचं एकवेळ ठीक. पण डच विद्वान इरास्मसने १५२८ साली कागदावर मांडलेला प्राचीन ग्रीकचा उच्चार पोरांच्या गळ्यात का मारताय? 'बीटा' या अक्षराला आजचा ग्रीक माणूस 'वीटा' म्हणतो. एकच उच्चार शिका, दोन्हीकडे चालवा.

तळटीप: चालवा आणि फसा. ईटा, इओटा, उप्सिलोन ही अक्षरं, शिवाय एइ, ओइ, युइ या जोड्या, आज सगळ्यांचा उच्चार 'ई'. मग प्राचीन 'हेमेइस' (आम्ही) आणि 'ह्युमेइस' (तुम्ही) दोन्ही 'इमीस'! म्हणून तर 'एमीस', 'एसीस' ही नवी रूपं आली. आणि प्राचीन अथेन्सचा विनोदी नाटककार क्रातिनोस याच्या नाटकातली मेंढी 'बेऽ बेऽ' करते, ती तुमच्याकडे 'वी वी' करणार. अशी मेंढी दाखवाच.

बीटा_नव्हे_वीटा: मेंढी घ्या तुम्हाला. पण थीटा, फी, खी ही अक्षरं प्लेटोच्या अथेन्समध्ये महाप्राण थ, फ, ख होती. इरास्मसवाले मात्र इंग्रजी पुस्तकांतून 'फोन'चा फ उचलतात. मराठी जिभेला 'फळ'मधला फ फुकटात मिळालाय, तो वापरायचा नाही!

शिरोबिंदू: उच्चार राहू द्या, लेखनाची वाट लावली त्याचं बोला. ग्रीसने १९८२ मध्ये श्वासचिन्हं (शब्दाच्या सुरुवातीला 'ह' आहे की नाही हे दाखवणारी) काढली, तीन स्वराघातचिन्हांतलं एक ठेवलं. आपल्याकडे १९६२ ला अनुस्वार छाटले. तेच पाप.

तळटीप: आले! तो 'ह' शतकानुशतकं कुणी उच्चारतच नव्हतं, चिन्ह कशाला मिरवायचं? भाषेवरून भांडण बघायचं तर १९०१ चं अथेन्स बघा. लेखक पालिसने रोजच्या बोलीत केलेला शुभवर्तमानाचा अनुवाद वर्तमानपत्रात आला म्हणून दंगल, आठ मृत. शाळांत त्या बोलीला कायद्याने जागा मिळायला १९७६ उजाडलं.

शिरोबिंदू: म्हणजे अनुस्वारासाठी कुणी मेलं नाही म्हणून तो फालतू? धन्य तर्क.

बीटा_नव्हे_वीटा: काका, धागा ग्रीकचा आहे. तळटीप, कॉइने आधी, हे मान्य. फक्त पहिल्या शतकात एइ आणि इओटा एक झाले होते, ईटा अजून वेगळा होता. म्हणजे पेरिप्लसला तुमचा इरास्मस चालत नाही आणि माझी सरसकट 'ई'ही नाही. झालं समाधान?