आयोग बरखास्त, विसर्जित की नुसताच संपला?

प्रश्न : एका भाषांतरात अडलोय. चौकशी आयोगाने अहवाल दिला, काम संपले, आता सरकार तो रीतसर बंद करते आहे. 'बरखास्त' चालेल का?

उत्तर : अहवाल देऊन झाला असेल तर नको. फारसीत बरखास्त म्हणजे उठणे. दरबार बरखास्त झाला की मंडळी उठून घरी जात, कुणावर ठपका नसे. 'सभा बरखास्त झाली' यात तो अर्थ अजून शाबूत आहे. पण 'झाली'च्या जागी 'केली' आले की सूर बदलतो. समिती बरखास्त केली म्हटले की वाचणारा विचारतोच, काय बिनसले?

श्रीकृष्ण आयोगाचे बघा. मुंबईच्या दंगलींच्या चौकशीसाठी जानेवारी 1993 मध्ये नेमलेला हा आयोग शिवसेना-भाजप युती सरकारने 23 जानेवारी 1996 रोजी, काम अर्धवट असताना, बंद केला. तिथे 'बरखास्त' हाच शब्द. मे महिन्यात त्याला पुन्हा जिवंत केले आणि अहवाल आला फेब्रुवारी 1998 मध्ये. त्यानंतरच्या समाप्तीलाही 'बरखास्त'च म्हटलेत, तर दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच खात्यात पडतात.

चौकशी आयोग कायदा, 1952 मध्ये कलम 7 आहे, त्याचा आशय साधा : अमुक तारखेपासून आयोग अस्तित्वात राहणार नाही, असे राजपत्रात जाहीर करायचे. मात्र सभागृहांच्या ठरावावरून नेमलेला आयोग असेल तर नुसत्या अधिसूचनेने भागत नाही, बंद करायलाही ठरावच लागतो. त्यामुळे तुमच्या मजकुरात कोण बंद करते आहे तेही तपासा.

दुसरे मत : मी 'विसर्जित' लिहीन. पार्थिव गणपतीसारखेच आहे हे, ठरावीक कार्यासाठी आणलेला, कार्य झाले की मानाने निरोप. विधानसभेलाही आपण हाच शब्द लावतो. बोलताना 'गुंडाळला' म्हणतात, पण त्याला गाशा गुंडाळल्याचा वास येतो, सरकारी कागदावर नको.

पहिले उत्तर देणारे : विसर्जन मान्य. फक्त विसर्जनाच्या मंत्रात 'पुनरागमनाय च', म्हणजे पुन्हा येण्यासाठी, असे आहे, आणि आपल्याकडच्या आयोगांना मुदतवाढीचे व्यसन! बाबरी मशीद पाडल्याच्या चौकशीसाठीचा लिबरहान आयोग डिसेंबर 1992 मध्ये तीन महिन्यांसाठी नेमला होता. 48 मुदतवाढी घेऊन अहवाल दिला जून 2009 मध्ये.
आणि मुदत संपून आयोग आपसूक मिटला असेल, तर 'संपुष्टात आला' म्हणा. संपुष्ट म्हणजे देव ठेवायची डबी. मुदत संपण्यात कुणी काही 'करत' नाही.

प्रश्नकर्ता : मग असे लिहितो : 'आयोगाने अंतिम अहवाल सादर केला असल्याने तो या अधिसूचनेच्या दिनांकापासून विसर्जित करण्यात येत आहे.'

उत्तर : चालेल. 'करण्यात येत आहे' मला खुपते, पण कागद सरकारी आहे, राहू द्या.